व्हर्लीनच्या दारातली वाळू

व्हर्लीन गॅस्किलचा कुणावरच विश्वास नव्हता. मोटेलात उतरलेल्या पाहुण्याने रोख पैसे दिले तर तो पोलिसांपासून पळतोय, कार्ड दिलं तर ते चोरीचं. कुणी खोली फारच स्वच्छ ठेवून गेलं की मला म्हणायची, "लू, गादीखाली बघ गं. काहीतरी लपवलंय मेल्याने." तिच्या मोटेलात मी वर्षानुवर्षं चादरी बदलल्या, पण संध्याकाळी निघताना माझ्या पिशवीवरही तिची नजर असायचीच. अपवाद एकच, तिचा नवरा ओरिन. तो वारला तरी त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या किनाऱ्यावर समुद्राला भिंत घालायला किंवा दगड टाकायला कायद्याने बंदी आहे. एकाने भिंत घातली की लाटा शेजाऱ्याची वाळू ओढून नेतात. शेजारच्या क्लेटनच्या मोटेलाच्या पुढच्या खोल्या समुद्रात गेल्या होत्या; उरलेल्यांवर तो कसाबसा तग धरून होता. व्हर्लीनच्या दारातली वाळू मात्र जागची हलली नाही. "ओरिनने जागाच पारखून घेतलेली," ती क्लेटनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

त्या वसंतात शार्लट शहरातून टेट नावाचा गुंतवणूकदार आला. मोटेलाचं छप्पर गळत होतं आणि बँक व्हर्लीनला दारात उभं करत नव्हती. टेटने पैसे घातले नाहीत तर कुलूप लागणार, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं.

"सगळ्यांचा किनारा खचला, तुमचा नाही," टेट म्हणाला. "असं टिकणारं हॉटेल शोधून सापडत नाही. फक्त पैसे घालण्याआधी वाळूत दोन-तीन ठिकाणी खणून बघू."

झालं! व्हर्लीनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"एवढं गोड बोलतोय म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी," ती मला म्हणाली. "खणून भलतंच काही दाखवेल आणि भाव पाडेल." म्हणून तिने स्वतःच फोन करून किनारा खात्याच्या अधिकारी बाईंना साक्षीला बोलावलं.

"अगं, सरकारी माणूस कशाला आणतेस दारात?" मी म्हटलं.

"तुला का टोचतंय?" तिने माझ्यावरच डोळे वटारले.

पहिल्याच खड्ड्यात खणायचं यंत्र खडखडलं. वाळूखाली काँक्रीटचे ठोकळे, एकावर एक, आणि त्यांना चिकटलेल्या निळ्या फरशा. मोटेलाच्या जुन्या पोहण्याच्या तलावाच्या. तो फोडला तेव्हा सगळा राडारोडा ट्रकने खाडीपलीकडे पाठवला, असं ओरिनने सांगितलं होतं.

टेट सरळ गाडीकडे निघाला. अधिकारी बाई भल्या होत्या. "वादळात वाहूनही येतं असलं काही," त्या हळूच म्हणाल्या.

"वाहून आलेलं असं रचून बसतं होय?" व्हर्लीन त्यांच्यावरच खेकसली. "माझं आहे. लिहून घ्या."

मला रडूच कोसळलं. आता सगळं उपसावं लागणार, मग मोटेल किती दिवस उभं राहणार?

ती तशीच वाळूतून क्लेटनकडे गेली, मी मागोमाग. तो खिडकीला फळी ठोकत होता.

"क्लेटन, तुझ्या खोल्या आमच्यामुळे गेल्या. ओरिनने तलावाचं काँक्रीट पुरलं होतं. मला आज कळलं."

क्लेटनने हातोडी खाली ठेवली नाही. "आणि हे मला का सांगायला आलीस? मी खात्यापुढे तुझ्या बाजूने बोलावं म्हणून?"

"नाही रे. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला? माहीत नव्हतं?"

व्हर्लीन माझ्याकडे वळली. "लू, तू तरी सांग ना त्याला."

मी शपथेवर सांगितलं. क्लेटनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुढचा खिळा ठोकायला घेतला.