घंटीला घंटी

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणाऱ्यांतला नाही. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहून वीज केंद्रात उभी नोकरी गेली, आणि काम काय, तर मशीन ऐकण्याचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. आवाज आला म्हणजे तो कशातून तरी येतो, यापलीकडे मी काही मानत नव्हतो. अम्मीनं बांधलेला ताईत एकदा आंघोळीला काढला, तो परत घातलाच नाही. तेव्हा हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

गोष्ट दोन हजार सालानंतरची, धान कापून झाल्यावरच्या थंडीतली. मला आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या वसंताला सायकलीचं वेड होतं. शिफ्टची सुट्टी जुळली की चांदाफोर्ट स्टेशनवरून पॅसेंजरमध्ये सायकली चढवायच्या, सिंदेवाहीला उतरायचं आणि दिवसभर भटकायचं. बाकीचे मोटरसायकलचे हप्ते भरत होते आणि आम्ही पायडल मारतो म्हणून आम्हाला येडे म्हणत होते. म्हणोत बापडे! त्या भागातले रस्ते त्यांनी पाहिले नव्हते. शेतात धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, मग मोहाची झाडं, मग एकदम जंगल... आणि तासन्तास एक गाडी नाही.

आमचा सगळ्यात लाडका रस्ता म्हणजे जंगलातली जुनी सडक. पुलाची एक बाजू खचली, नवा रस्ता दुसरीकडून निघाला, तेव्हापासून तिथं ना एसटी, ना ट्रक. सायकल उचलून पुलाच्या कडेनं नेली की पुढची सडक आपल्या एकट्याची. ती ज्या गावाला जाते त्याचं नाव लिहीत नाही. तिथं माणसं राहतात, उगाच बदनामी नको.

अशा रस्त्यावर आमचा एक नियम होता. वळण आलं की पुढच्यानं घंटी वाजवायची, म्हणजे पलीकडे अस्वल-बिस्वल असेल तर बाजूला होईल. मागच्यानं लगेच आपली घंटी वाजवून उत्तर द्यायचं — मी आहे. उत्तर आलं नाही तर थांबायचं. माझ्या घंटीची वाटी तडकलेली होती, ती वाजून झाल्यावर जराशी घरघरायची. वसंताची नवी, बारीक आवाजाची. डोळे बांधले तरी मी दोन्ही ओळखल्या असत्या.

त्या दिवशी निघताना वसंताची बायको दारात आली. सातवा महिना होता तिला.

"भाऊजी, याईले सोबत नेता, तं सोबतच आना. मागंपुढं नका होऊ."

"वहिनी, नवरा हाय का पाकीट, हरवाले?" मी म्हणालो. ती हसली नाही.

पूल ओलांडला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मी पुढे, वसंता मागे. एका वळणावर ऐनाच्या झाडाखाली वाळक्या डहाळ्यांचा मोठा ढीग होता, कंबरेइतका. वर थोडा हिरवा पाला. शेजारी एक बाई उभी होती, डोक्यावर मोळी, हातात पानांची डहाळी. वळण म्हणून मी घंटी वाजवली. बाईनं आमच्याकडे पाहून मोकळा हात जोरजोरात हलवला. मला वाटलं, रामराम करून राह्यली! मग मीही कौतुकानं दोनदा वाजवली, आणि मागून वसंतानं वाजवली. बाईचा चेहरा पडला. लाजली असेल म्हणून आम्ही हसत पुढे गेलो.

त्यानंतर प्रत्येक वळणावर मी घंटी वाजवली आणि प्रत्येक वळणावर मागून बारीक उत्तर आलं. मग मागे वळून कशाला बघू? घंटी त्यासाठीच तर होती. गावाअलीकडच्या शेवटच्या वळणावर ती इतकी जवळून वाजली की मी हँडल डावीकडे घेऊन साईड दिली. म्हटलं, जा बाबा पुढे, तुला घाई दिसते.

कोणी पुढे गेलं नाही.

मी थांबून मागे पाहिलं. सरळ, मोकळी सडक. वसंता लपून गंमत करतोय असं वाटलं म्हणून त्याला आईवरून एक शिवी दिली. मग सायकल वळवली. हाका मारत, घंटी वाजवत मागे निघालो. दर वेळी उत्तर येत होतं... पण एक वळण पुढून. मी वळण गाठावं, तर ते त्याच्या पुढच्या वळणावर. डोळ्यांपुढे वहिनीचं पोट येत होतं.

तेवढ्यात ती मघाची बाई समोरून पळत आली. मोळी कुठेतरी टाकलेली. तिनं माझं हँडल धरलं आणि घंटीवर पंजा दाबला.

"वाजवू नको भाऊ," ती कुजबुजली. "आवाज बी देऊ नको."

"माहा जोडीदार पाहिला का?"

"सायकल उभी हाय त्याची. मानूस नाई."

तिचं नाव पार्बताबाई. धापा टाकत तिनं सांगितलं ते एवढंच, की त्या ढिगाजवळ कधीकाळी एका माणसाला वाघानं नेलं. तिथून जाताना पायी उतरायचं, हिरवा पाला टाकायचा आणि मुक्यानं पुढे जायचं.

"त्याले सोबत पायजे. जो आवाज ऐकते, तो शिकते तो. मंग त्याच आवाजानं बलावते."

"मंग तवाच सांगतलं काऊन नाई, बाई?"

"तिथी कशी बोलू? हात हालवला ना मी! तुमी तं अजूनच वाजवली."

एरवी मी तिची थट्टा केली असती. त्या वेळी मुकाट्यानं घंटीची वाटी फिरवून काढली आणि पँटच्या खिशात टाकली.

ढिगाच्या जरा पुढे वसंताची सायकल स्टँडवर नीट लावलेली होती. सीटवर त्याचा रुमाल, तेलाच्या बोटांचे डाग पडलेला. म्हणजे चेन उतरली होती, त्यानं ती बसवली होती, आणि मग सायकल सोडून तो गेला होता. कुठे?

आणि घंटी वाजली. डावीकडे, बांबूच्या आत. वाजली आणि मागून जराशी घरघरली.

तीस वर्षं मी आवाज ओळखून पोट भरलं आहे. ती माझी घंटी होती. मी खिशात हात घातला. वाटी तिथंच होती, मी ती मुठीत आवळून धरली. घंटी परत वाजली. खोटं कशाला बोलू, मला पळून जायचं होतं.

"मी नाई येत," पार्बताबाई म्हणाली. पण मी आत शिरलो तेव्हा तिनं मागून माझा शर्ट घट्ट धरला होता. हाक मारायची नाही, म्हणून आम्ही त्या घंटीच्याच दिशेनं चालत राहिलो. दुसरा रस्ताच नव्हता. ती थांबून थांबून वाजत होती, कोणी दमलेल्याची वाट पाहावी तशी.

बांबू संपला तिथं मुरमाची जुनी खदान होती, हिरव्या पाण्यानं भरलेली. वसंता अगदी काठावर उभा होता, आमच्याकडे पाठ करून. खाली बघत होता. एक पाय पुढे टाकून काठ चाचपत होता, मुरूम घसरून पाण्यात पडत होता. मी श्वास रोखून गेलो आणि मागून त्याला कवेत घेऊन ओढलं. आम्ही दोघंही पाठीवर पडलो.

त्यानं मान वळवून माझं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"शकूरभाऊ," तो म्हणाला, "मंग खाली कोन हाय?"

त्याला वाटलं होतं मी पडलोय आणि मदतीसाठी घंटी वाजवतोय. आम्ही परत सडकेवर आलो. ढिगाशी पार्बताबाईनं आम्हा दोघांच्या हातात एकेक डहाळी दिली. मी, शकूर, कशालाच न मानणारा, मी ती दोन्ही हातांनी ठेवली. वहिनीला पंक्चर झालं म्हणून सांगितलं. तिनं वसंताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नंतर डोकं खूप लावलं. आवाज घुमतो म्हणावं, तर वाजवल्याशिवाय घुमेल काय? आमच्या जंगलात भृंगराज पक्षी हुबेहूब नक्कल करतो, हेही मला ठाऊक आहे. पण तडकलेल्या वाटीची घरघर एका ऐकण्यात? आणि तिकडे माझ्या पाठीमागे गावापर्यंत नव्या घंटीची उत्तरं कोणी दिली? अजून मला याचं काही कारण सापडलेलं नाही.

वसंताला मुलगी झाली. आता मोठी आहे, कॉलेजला जाते. लहानपणापासून तिची सवय — बापाला बोलवायचं तर आधी त्याच्या समोर जाऊन उभी राहते, त्याला तोंड दिसू देते, मगच "बाबा" म्हणते. परवा तिनं मला विचारलं, "काका, मागून आवाज दिला तं बाबा ओ काऊन देत नाई?"

मी म्हणालो, "मशीनवर काम केलं ना बेटा, त्याले कमी ऐकू येते."

वसंता तिथंच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला सगळं ऐकू येतं.