डावखुरा सैनिक

"हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय?"

पेन्सिलीचं मागचं टोक ओळीवर टेकवून बाई एवढंच विचारायच्या, आणि समोर मोठा प्राध्यापक असला तरी त्याची बोबडी वळायची. नाण्यावर घुबड आहे असं लिहिलंय ना, मग दाखवा घुबड. बाई छपाईआधीचं पान घेऊन काचेच्या कपाटापाशी उभ्या राहायच्या आणि एकेक ओळ वस्तूशी ताडून बघायच्या. त्याशिवाय सही नाही. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आपण त्यांना मागे नावं ठेवतो आणि अडलं की त्यांच्याकडेच धावतो.

पंधरा-सोळा सालची ही गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर मी हॉलंडमधल्या हार्लेमला आले होते, तीन वर्षं घरी बसून वैतागले होते, आणि एका ग्रंथालयाच्या प्रकाशन विभागात वर्षभराच्या करारावर चिकटले होते. हे ग्रंथालय ग्रीक कला आणि इतिहासावर प्रदर्शनं भरवायचं. कधी नाणी, कधी जुन्या प्रवाशांनी काढलेली देवळांची चित्रं. प्रत्येक प्रदर्शनाचा एक देखणा कॅटलॉग निघायचा. पानं मी लावायची आणि तपासायच्या बाई. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं, तरी त्या रोज डेल्फ्टहून गाडीने यायच्या.

पहिल्या दिवशी मी आनंदाने म्हटलं, "अय्या, तुम्ही मराठी? काकू, मी कराडची!"

"काकू नको. तुझा काका माझ्या ओळखीचा नाही. बाई म्हण." मग चष्म्यावरून बघत, "कराड कृष्णेच्या काठी की कोयनेच्या?"

"दोन्हींच्या. संगमावर आहे."

"हं," बाई म्हणाल्या. पास झाले म्हणायची मी!

खरं सांगू? मला त्यांचा राग यायचा. मी मूळची संशयी. आमच्या घरात दुधवाल्यावरही सगळ्यांचा संशय. पण त्या बाबतीत बाईंनी मला कच्चं खाल्लं असतं. सुपरमार्केटची कोथिंबीर त्या तीनदा हुंगायच्या. पाऊस नाही असं मोबाइलने सांगितलं, तरी खिडकीतून हात बाहेर काढून बघायच्या. आणि तरी, माझा डबा राहिला त्या दिवशी न विचारता अर्धी पोळीभाजी माझ्या पुढ्यात सरकवणाऱ्याही त्याच.

त्या वर्षीचं प्रदर्शन रंगवलेल्या ग्रीक कुंभांचं होतं. कॅटलॉग छापून आला, गठ्ठे कोठीच्या खोलीत लागले. उद्घाटनाला तीन आठवडे होते आणि माझा करार संपायलाही तेवढेच. नेमक्या त्याच वेळी बाई बदलल्या. बोलेनाशा झाल्या. मी जवळ गेले की हातातलं काहीतरी ड्रॉवरमध्ये सारायच्या.

"तुझा करार कधी संपतोय?" त्यांनी एका आठवड्यात तीनदा विचारलं.

"का हो बाई?"

"काही नाही. तू आपलं काम कर."

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ही बाई माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवतेय, दुसरं काय? त्यातच एका संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा त्यांची कापडी पिशवी फुगलेली दिसली. आत कॅटलॉगच होते, कोपरे स्पष्ट दिसत होते. त्या गेल्यावर मी कोठीत जाऊन प्रती मोजल्या. वीस कमी. सकाळी बाई माझ्या आधी यायच्या. तेव्हा परत मोजून बघावं हे मला सुचलं नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, कोण जाणे.

मी आमच्या डच साहेबिणीला जाऊन सांगितलं. अगदी काळजीच्या सुरात. स्वतःची लाज वाटते आज.

दुसऱ्या संध्याकाळी तिने बाईंना थांबवलं आणि पिशवी उघडायला सांगितली. मलाही तिथेच उभं राहावं लागलं. पिशवीतून वीस कॅटलॉग निघाले, गोंदाची बाटली, कात्री आणि छापून घेतलेल्या छोट्या चित्रांचा गठ्ठा. साहेबिणीने एक प्रत उघडली. भालाधारी सैनिकाच्या पानावर मूळ चित्राच्या जागी दुसरं चित्र इतकं नीट चिकटवलं होतं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

"चित्र उलटं छापलं गेलंय," बाई शांतपणे डचमध्ये म्हणाल्या. "ग्रीक सैनिक ढाल डाव्या हातात धरतो. इथे उजव्या हातात आली. रोज वीस प्रती घरी नेऊन दुरुस्त करते, सकाळी परत ठेवते."

"हे उलटं केलं कुणी?"

मीच केलं होतं. पुण्याला जाहिरात कंपनीत होते तेव्हा पहिला धडा मिळाला होता, चित्रातल्या माणसाने पानाच्या आत बघायला हवं. हा सैनिक बाहेर बघत होता. बाईंची सही झाल्यावर, फायली छापखान्यात पाठवायच्या आधी, मी त्याला फिरवला. छान दिसला म्हणून स्वतःवर खूशही झाले. भांडं मी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. करार संपायला आठवडा उरला होता, आणि बाई त्याबद्दल सारख्या का विचारत होत्या ते मला आता कळलं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "पानावर सही माझी आहे. चूक माझी."

साहेबीण वाईट नव्हती, पण न सांगता प्रती बाहेर नेणं तिथे चालत नाही. आणि वय झालं, नजर गेली असंही सगळे बोलू लागले. बाईंना फुलं दिली, कॉफी दिली, आणि उद्यापासून येऊ नका असं गोड शब्दांत सांगितलं. माझा करार वाढला.

चार महिने मी गप्प होते. मग मात्र ते मनाला फार खायला लागलं आणि एका गुरुवारी साहेबिणीला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, त्यांना परत बोलाव.

शुक्रवारी मी डेल्फ्टला गेले. बाईंनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"बाई, मी सांगितलं त्यांना. सगळं खरं खरं. तुम्हाला परत बोलावलंय."

"कधी सांगितलंस?"

"काल."

"करार वाढल्यावर."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "तू बोलशील अशी खात्री होती गं मला."

मला रडू आवरेना. बाईंनी माझ्या कोटाची उलटी झालेली कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "जा आता. गाडी चुकेल तुझी."

दार हळूच लागलं. मी पायरीवरच उभी होते. आतून कडी लावल्याचा आवाज आला, मग किल्ली फिरवल्याचा.