मातकट वायरी

दोन हजार सोळा साल, मी एकाहत्तर वर्षांचा. जुन्या गाडीत दुसरं इंजिन मीच बसवलं, पण वायरी जोडायच्या राहिल्या. डोळ्यांना रंग कळेनात, म्हणून बायकोला बॉनेटपाशी बसवलं. नव्या इंजिनाच्या वायरींना ती साड्यांचे रंग सांगू लागली.

"ही डाळिंबी. ही आमसुली."

"अगं, लाल-हिरवं सांग की!"

"साडी घेताना कधी बघितलंत का लाल-हिरवं?"

मग तिनं गाडीतल्या जुन्या वायरींची टेप सोडली. "अहो, या तर सगळ्या मातकट."

मला वाटायचं, झाकलेलं टिकतं. पण टेपच्या आत, तेलानं आणि उष्णतेनं, रंग कधीच विटले होते. आपल्या आतलंही असंच विटत असेल, उघडून कोण बघतंय?

"उद्या भंगारवाल्याला बोलावू?" तिनं हळूच विचारलं.

"मी जिता असेपर्यंत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा बॉनेटपाशी बसवून मी स्टिअरिंगखाली आडवा झालो, एक वायर धरून ओढली. "तिकडचं कुठलं टोक हललं गं?"

"कुठलंच नाही हो."

मी पुन्हा ओढली.