फी वाचवणारे गृहस्थ

नारायण पेठेतले एक गृहस्थ रोज सकाळी आमच्या बागेत फिरायला येतात. पांढरे बूट, कडक इस्त्री आणि प्रत्येक वाक्याआधी "मी सांगतो". निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बाकावर ते अजून साहेबच आहेत. पुरुषाला ताठरता येत नसेल तर डॉक्टर जी गोळी लिहून देतात, ती हे प्रसादासारखी वाटतात. "जेनेरिक दुकानात स्वस्त मिळते. डॉक्टरची फी कशाला? मी सांगतो, निर्धास्त घ्या."

काल ती त्यांनी आमच्याबरोबर फिरणाऱ्या नानांच्या हातावर ठेवली. नाना हृदयरोगी, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कायम त्यांच्या खिशात. या दोन गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. माझं डोकंच फिरलं. मी तसं सांगितलं, तर गृहस्थ हसले.

"अहो, मी वर्षभर घेतोय. झालं काही मला?"

"तुम्ही कोणाला विचारून सुरू केलीत?" मी विचारलं.

"म्हणजे काय! हृदयाच्या डॉक्टरांना. आधी ईसीजी, मग चिठ्ठी. जिवाशी खेळ कोण करेल?"

नानांनी गोळी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात परत टाकली.

"त्या डॉक्टरांचा पत्ता द्या. फी मी भरतो."