बाळाचं वजन कळवणे

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. दुसरा वर्ग मिळाला आणि त्या जोरावर आजही मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना खारे वारे, मतलई वारे शिकवते. पण मुलुंडहून गावी देवगडला जायचं म्हटलं की आदल्या रात्री मी तीनदा बॅग उपसते. अशा बाईला लवूभावजींनी त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये पत्र लिहून कच्छच्या आखातातल्या एका उजाड बेटावर मे महिन्यात आठ दिवस राहायला बोलावलं. नवरा आणि दोन मुलांसह.

लवूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, दीपगृह खात्यात नोकरीला. बेटावर दीपगृह, तीन खोल्या, पाण्याची टाकी, काटेरी बाभळीची चार झुडपं आणि वारा. पाणी पंधरवड्याने बोटीतून येणार. हे सगळं त्यांनी आमंत्रणाच्या पत्रातच लिहिलं होतं. बोलावणं करताना माणूस निदान झुडपं तरी दोन-चार वाढवून सांगतो. पण रोज नोंदवहीत वाऱ्याची दिशा लिहून लिहून भावजींचा हातच तसा झाला होता. चार म्हणजे चार.

मी उलटटपाली सतरा प्रश्न पाठवले. ओळीने आकडे घालून, परीक्षेच्या पेपरासारखे.

महिन्याने उत्तरं आली, तीही आकडे घालून. "प्र. ४, विंचू आहेत का. उत्तर : आहेत. मात्र वर्षात मला दोनच दिसले. प्र. ५, डॉक्टर किती लांब. उत्तर : बोट असल्यास पाच तास. नसल्यास बोट येईपर्यंत. प्र. ११, वाऱ्याने लहान मूल उडून जाईल का. उत्तर : कळवतो."

अकरावा प्रश्न मी खरंच विचारला होता. वाऱ्याचा दाब म्हणजे काय ते मी दर वर्षी सातवीच्या मुलांना फळ्यावर शिकवते. पण आमचा बाळा तेव्हा तीन वर्षांचा, चौदा किलोचा, आणि भावजींनी लिहिलं होतं की एप्रिल-मेमध्ये वाळत घातलेलं धोतर दोरीसकट गेलं.

पुढच्या बोटीने उत्तर आलं. "प्र. ११ : गोणीत चौदा किलो वाळू भरून ती दीपगृहाच्या वरच्या गॅलरीत दोन दिवस ठेवली. वारा जोरदार, पश्चिमेकडून. गोणी हलली नाही. सबब मूल उडणार नाही."

आमचे हे हसून हसून खाली बसले. "झालं? आता काढू तिकिटं?"

"गोणी एका जागी बसते," मी म्हटलं. "बाळा बसतो का?"

त्या वर्षी आम्ही गेलो नाही. चौऱ्याऐंशीत आमच्या थोरल्या अनुपमाला गोवर आला, हे कारण खरं होतं. पंच्याऐंशीत आणि शहाऐंशीत कारण नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाढवले. गॅलरीचा कठडा किती उंच, खालच्या गजांत किती फट. उत्तर आलं : "फट सात इंच. तुमच्या पत्रानंतर कोळ्यांकडून जुनं जाळं घेऊन कमरेपासून खाली बांधून घेतलं." रात्री मुलांना बाहेर जावं लागलं तर वाट कशी दिसणार. उत्तर आलं : "वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून चुना लावला." प्यायचं पाणी कसं असतं. उत्तर : "टाकीच्या पत्र्याचा वास येतो. उकळल्यास कमी येतो. आपल्या मुलुंडच्या नळाची आठवण होते." हे शेवटचं वाक्य मी तक्रारीच्या खात्यात टाकलं आणि वहीत नोंद केली : पाण्याला वास.

हो, मी वही केली होती. साठ प्रश्न, साठ उत्तरं. त्या बेटावर चिमणी घरटं कुठं करते ते मला माहीत होतं. आणि त्याच काळात माझी दोन्ही मुलं रोज शाळेला जाताना आग्रा रोडवरचे ट्रक चुकवत रस्ता ओलांडत होती, त्याबद्दल मी कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. हे यांनी एकदा जेवताना सुचवलं. मी त्यांना आमटी वाढली आणि विषय बदलला.

भावजींच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे : "बाळाचं वजन कळवणे." मला वाटे, काकाची माया. मी अभिमानाने कळवत असे. सोळा. अठरा. आणि पुढे कंसात, वयाच्या मानाने कमीच.

या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दारात एक उंच, काळासावळा माणूस उभा राहिला. हातात पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. "मी कुंडलिक. लवूदादांबरोबर बेटावर असतो. बीडला गावी निघालोय रजेवर. दादांनी हे दिलंय."

पिशवीत शिंपले होते, एक पत्र होतं आणि खात्याचा परवानगीचा छापील अर्ज होता. बेटावर कुटुंबाला न्यायचं तर हा अर्ज भरून महिनाभर आधी द्यावा लागतो. पत्र दोन ओळींचं. भावजींची बदली जामनगरच्या कचेरीत झाली होती, मेअखेर बेट सोडायचं होतं. "आता यायचं तर याच सुट्टीत. कुंडलिक पंधरा दिवसांनी परत जाताना अर्ज घेऊन जाईल. नसेल जमत तर राग नाही."

मी चहा टाकला आणि कुंडलिकला खुर्ची दिली. साक्षीदार आयता मिळाला होता. म्हटलं, याला विंचवांचं विचारावं. तेवढ्यात बाळा शाळेतून आला, दप्तर फेकलं आणि पाहुण्याकडे बघत उभा राहिला.

"हा बाळा?" कुंडलिकने विचारलं. "खरा?"

"म्हणजे?"

"नाही, आमच्याकडं एक बाळा आहे ना. गोणीतला." त्याने बाळाला काखेत धरून उचललं आणि अंदाज घेतला. "वीस असेल. दादांचा अठराचा आहे. अजून दोन किलो टाकावे लागतील."

मला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. ती गोणी भावजींनी रिकामी केलीच नव्हती. दर वर्षी माझं पत्र गेलं की ते किनाऱ्यावरून वाळू आणून वजन पुरं करत, आणि एप्रिल लागला की ती पाठीवर घेऊन सगळा जिना चढत. पोर दमलं तर उचलून न्यावं लागेल, तेव्हा सवय असावी, म्हणून.

"एकशे बारा पायऱ्या आहेत," कुंडलिक म्हणाला. "आम्ही चिडवतो त्यांना. म्हणतो, दादा, बाळाला झोप आली बघा, खाली न्या. बोटवाले तर बेटाला वहिनीचं बेटच म्हणतात. कुठं दगड मांडला, कुठं जाळं बांधलं की विचारतात, किती नंबरचा प्रश्न?"

बाळा खिदळायला लागला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

"पण बदली झाली ते बरं झालं," मी म्हटलं. "पाच वर्षं म्हणजे फार झाली. तुमच्या खात्याला काही दयामाया?"

"खात्याचं काय त्यात? तिथं वर्षाच्या वर कुणी राहत नाही. दादांना दोनदा बदली आली होती, चांगल्या जागी. त्यांनीच लिहून दिलं, यंदा नको, माझी माणसं यायची आहेत." एवढं बोलून त्याने कप खाली ठेवला. "हे मी सांगायचं नव्हतं, वाटतं."

तो गेल्यावर मी भाजी निवडायला घेतली आणि देठ ठेवून पानं टाकत बसले. अनुपमाने येऊन ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

इथं लवूभावजी मुळात तिथं गेले कसे ते सांगायला हवं. त्यांचे वडील गिरणीत होते, थोरल्याला शिकवता शिकवता त्यांचा दम संपला. भावजी मॅट्रिक होऊन गावाहून आमच्याकडे आले ते पंच्याहत्तर साली. मला तेव्हा अनुपमाच्या वेळचे दिवस गेले होते. नळाला पाणी पहाटे पाचला यायचं, पाऊण तास. हा एकोणीस वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायचा आणि पाचला उठून, मला जाग येऊ न देता, पिंप, कळशा, बादल्या सगळं भरून ठेवायचा. तीन वर्षांत मी पहाटे एकदाही उठले नाही. बोलणं कमी. नोकरी मिळेना. मग मीच पेपरात दीपगृह खात्याची जाहिरात पाहिली. मला भारी उत्साह. अक्षांश, रेखांश, समुद्रप्रवाह. डायनिंग टेबल म्हणून जे काही आमच्याकडे आहे त्यापाशी बसून मी त्यांचा अर्ज भरला, माझ्या सुवाच्य अक्षरात.

त्यांनी सही करायच्या आधी एकच विचारलं होतं. "वहिनी, थंय पाणी असतला मा?"

"असेल की," मी म्हटलं होतं. "सरकारी नोकरी आहे, भावजी. करा सही."

तेवढंच. ना विंचू, ना डॉक्टर, ना कठडा. मूल माझं असलं तर साठ प्रश्न, आणि दुसऱ्याचं असलं की सुवाच्य अक्षर. भावजींनी माझ्या साठही प्रश्नांची उत्तरं दिली, प्रयोग करून दिली. त्यांच्या एका प्रश्नाला मी अंदाजाने ठोकून दिलं होतं.

असं सगळं लख्ख कळल्यावर बाईने तडक अर्ज भरावा ना? मी तेरा दिवस लावले. अर्ज शिंपल्यांखाली ठेवला होता. रोज केर काढताना शिंपले उचलायचे, अर्ज झटकायचा, परत शिंपले ठेवायचे. पाच तासांची बोट काही कुंडलिकच्या बोलण्याने तीन तासांची झाली नव्हती. वहीत एकसष्टावा प्रश्नही मी लिहून काढला, भरतीच्या वेळी धक्क्याची उंची किती. मग यांनी वही पाहिली.

"अगं, किती वर्षं पेपर लिहायला लावणार त्याला? पास तरी कर, नाहीतर नापास कर आणि मोकळा कर."

"तुमचा भाऊ आहे. तुम्ही का नाही कधी जोर केला?"

यांनी वही मिटून ठेवली. "मला बोट लागते," मग म्हणाले. "तू नाही म्हणत होतीस ते बरंच चाललं होतं."

पंधरा वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. घरात भित्री मी एकटीच नव्हते.

चौदाव्या दिवशी मी त्याच टेबलापाशी बसून अर्ज भरला. नावं, वयं, वजनं. बोटीसाठी वजन लागतं. माझं मी चार किलो कमी लिहिलं, मग खोडून खरं लिहिलं, कारण भावजींनी माझीही गोणी भरायला घेतली तर चार किलो कमी पडायची. "भेटीचे कारण" या रकान्यापाशी बराच वेळ गेला. शेवटी "सुट्टी" लिहिलं. वहीतला एकसष्टावा प्रश्न खोडला आणि दुसरा लिहून अर्जाला टाचणीने लावला : येताना तुमच्यासाठी काय आणू?

दुसऱ्या दिवशी कुंडलिक आला. अर्ज उलगडून पाहिला, टाचणीची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बोटवाल्यांनी पैज लावली होती."

"कोण हरलं?"

"मीच," तो म्हणाला आणि अर्ज खिशात ठेवला.

मंजुरी एप्रिलच्या अखेरीस आली, सोबत भावजींचं पत्र. "प्र. ६१, काय आणू. उत्तर : काही नको. इथे सर्व आहे." सर्व म्हणजे काय आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत. खाली पुढे होतं : "गोणीतली वाळू जिथली तिथे टाकली. बाळाचं वजन आता कळवू नये. सोबत आणावे."

आमची गाडी उद्याची आहे. मुलं झोपली आहेत, बॅगा दारापाशी आहेत. एका बॅगेत नुसती औषधं आहेत. मी सुधारले असं कुणी समजू नये. विंचवाचं औषध दोन कंपन्यांचं घेतलंय. यांच्यासाठी आल्याच्या वड्या केल्यात. बाळा बोटीत बसणार या विचाराने मला आत्ताही घाम फुटतोय.

आज पहाटे मात्र मी पाचला उठले. गच्चीवर टाकी झाली तेव्हापासून पहाटे नळासमोर बसले नव्हते. पाच-पाच लिटरचे दोन डबे घासून ठेवले होते, ते गळ्यापर्यंत भरले आणि झाकणं आवळून वर फडकी बांधली. हे दात घासत आले आणि बघत राहिले.

"गाडीत पाणी मिळतं. आणि बोटीवरही असतं. एवढं मुलांना कशाला?"

"मुलांना नाही," मी म्हटलं.

त्यांनी डबे पाहिले, नळ पाहिला. मग दोन्ही डबे उचलले आणि बॅगांच्या शेजारी नेऊन ठेवले. एक झाकण थोडं झिरपत होतं. ते त्यांनी पुन्हा आवळलं.