माझ्या अक्षरातली तारीख

जर्मनीतल्या दवाखान्याने मुलीला कागदांची यादी पाठवली. पासपोर्ट, मार्कशीट, नर्सिंगची नोंदणी, अनुभवाचा दाखला, सगळं तयार होतं. यादीत शेवटी जन्माचा दाखला होता. तिथे मी यादी खाली ठेवली.

मुलगी नर्स आहे. तीन वर्षांचा कोर्स, मग दोन वर्षं आयसीयूत नोकरी, आणि ड्यूटी सांभाळून जर्मन भाषा. भाषेची परीक्षा पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा निघाली. तिकडच्यांनी व्हिडिओवर मुलाखत घेऊन करार पाठवला. आधी तिच्या शिक्षणाला तिथली मान्यता, मग व्हिसा, मग नोकरी. सगळं रीतसर. मागच्या दाराने काही नाही, हे आमच्या ऑफिसात चारचौघांना ऐकवूनही झालं होतं.

माझं ऑफिस म्हणजे सक्करदऱ्यातली एक शाळा. तिथे मी क्लार्क आहे. दाखल-खारीज रजिस्टर माझ्या कपाटात असतं. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जात, जन्मतारीख त्यात चढते आणि पुढे जन्मभर तीच तारीख चालते. मुलीचं नावही त्याच रजिस्टरात आहे. ओळ माझ्याच अक्षरात आहे आणि तारीख खोटी आहे.

ती जन्मली ऑगस्टमध्ये, माझ्या माहेरी, उमरेडच्या पलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंदही तिथल्या ग्रामपंचायतीत. पाच वर्षांची व्हायला दोन महिने कमी होते तेव्हा मी तिला पहिलीत घातलं. घरी तिला बघायला कोणी नव्हतं. मी नोकरीवर, तिचे बाबा दुकानात. शाळेत आली असती तर माझ्या डोळ्यांसमोर राहिली असती. जूनपर्यंत पाच पूर्ण हवेत असा नियम होता. मी ऑगस्टचा मे केला. ‘जन्मदाखला उपलब्ध नाही’ असं पालक म्हणून लिहून दिलं आणि क्लार्क म्हणून ते स्वीकारलं. हेडसरांनी न वाचता सही केली. आमच्याकडे याला कोणी खोटं म्हणत नाही. घरचा वाढदिवस वेगळा, शाळेचा वेगळा, असं अर्ध्या नागपुरात चालतं. केक ऑगस्टमध्ये कापायचा, फॉर्मवर मे लिहायचा.

पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. त्यावर मे. आता जन्मदाखला काढला तर त्यावर ऑगस्ट निघणार. एकाच माणसाच्या दोन तारखा परदेशी सरकारपुढे ठेवायच्या, म्हणजे दोनपैकी एक कागद बनावट आहे असं आपणच सांगायचं.

दोन दिवस मी माहेरी भावाला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनेच विचारलं.

“मामाले दाखला काढायला सांगितला का?”

मी तिला सगळं सांगितलं. ती डबा भरत होती. हात थांबला.

“म्हणजे पासपोर्ट खोटा आहे माझा?”

“तारीख खोटी आहे.”

“काहून केलं वं आई असं? तीन महिन्यांसाठी?”

“तेव्हा तीन महिनेच होते.”

“आणि आता?” तिने झाकण दाबून बसवलं. “मी पेशंटच्या कागदावर एक आकडा चुकवला ना, तर नोकरी जाते माझी.” एवढं बोलून ती ड्यूटीवर गेली.

मनीषनगरात परदेशी जाणाऱ्यांची कामं करून देणारा एक माणूस बसतो. तिचा भाषेचा क्लास त्याच इमारतीत होता, म्हणून तोंडओळख. मी एकटी गेले. त्याने सगळं ऐकलं, हसला.

“काहून घाबरून राहिल्या मॅडम? असे चार-पाच तर नेहमी येतात. दुसऱ्या गावातून दाखला काढू. नोंद करायची राहून गेली होती असं लिहून देऊ. तारीख तुम्ही म्हणसान ते.”

“माहेरच्या पंचायतीत खरी नोंद आहे.”

“राहू द्या ना. तिथं कोण पाहायले जाते? जर्मनीहून येणार हाय का कोणी उमरेडले?”

मी मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स त्याच्या टेबलावर ठेवली. हे सांगायला मला लाज वाटते, पण ठेवली. तो फॉर्म काढत होता आणि मी समोरच्या भिंतीवरचे फोटो पाहत होते, विमानतळावर बॅगा घेऊन उभी असलेली मुलं-मुली. एका फोटोवर पांढरा कागद चिकटवला होता. मी विचारलं, हा कोण?

“त्याचं जाऊ द्या,” तो म्हणाला. “अनुभवाचा दाखला पकडला गेला. आता कुठंही अर्ज केला तर विचारतात, आधी व्हिसा नाकारला होता का.”

इतकी वर्षं मी कागद हाताळले आहेत. एक नोंद असताना दुसरी केली की पहिली मरत नाही, हे मला त्या माणसापेक्षा चांगलं कळतं. माझी मुलगी तिकडे पाच वर्षं राहील, दहा वर्षं राहील, आणि एके दिवशी कोणीतरी दोन्ही दाखले शेजारी-शेजारी ठेवील. मी झेरॉक्स उचलली.

“कळवते,” म्हणाले.

“लवकर कळवा. जागा थांबत नाय तिकडं.”

मी प्रामाणिक आहे म्हणून उठले असं नाही. त्या पांढऱ्या कागदाला भ्याले.

मग एकेक काम केलं. भावाने पंचायतीतून खरा दाखला आणला. कोर्टाच्या आवारात स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं: मुलीची जन्मतारीख मी स्वतः चुकीची सांगितली व स्वतः लिहिली, मुलीचा यात दोष नाही. टाइप करणारा म्हणाला, “‘अनवधानाने’ टाकू का? सगळे टाकतात.” मी नको म्हटलं. मुलीने दवाखान्याला खरा प्रकार कळवला. तिकडून दोन ओळी आल्या: पासपोर्ट दुरुस्त करून पाठवा, जागा आठ आठवडे ठेवतो.

पासपोर्ट ऑफिसात आमचा नंबर दुपारी लागला. मुलगी शेजारी ताठ बसली होती. साहेबाने कागद उलटे-सुलटे पाहिले.

“शाळेत तारीख कोणी दिली?”

“मी.”

“रजिस्टरात कोणी लिहिली?”

“मीच. मी तिथली क्लार्क आहे.”

त्याने चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा फोन उचलतो. पोरीचा पासपोर्ट जप्त होतो, माझी नोकरी जाते, आणि जर्मनीला जायचं बाजूलाच राहतं.

“माझी एक जून आहे,” तो म्हणाला. “माझ्या दोन्ही भावांचीही एक जून. मास्तरांनी एका दिवशी तिघांना जन्माला घातलं.” शेजारच्या टेबलावरचा हसला. मला हसता आलं नाही. मग तो म्हणाला, “पण मी हसलो म्हणून काम झालं असं समजू नका. फाइल वर जाईल. हो म्हणतील, नाही म्हणतील, ते वरच्यांवर.”

आठपैकी सहा आठवडे गेले. हुडकेश्वरच्या आमच्या घरी पोलीस चौकशीला येऊन गेला, शेजारणीने मला जिन्यात गाठून “काय केलं वं पोरीनं?” विचारलं. मुलगी माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. दारावर पोस्टमन आला की आम्ही दोघी उठायचो आणि दोघी पुन्हा बसायचो. शाळेत एका मुलाच्या दाखल्यावर मी दोनदा चुकीचं साल लिहिलं, जे माझ्याकडून कधी होत नाही.

सातव्या आठवड्यात पासपोर्ट आला. ऑगस्ट. पण मार्कशिटा आणि नर्सिंगची नोंदणी मे महिन्याचीच राहिली. म्हणून माझं प्रतिज्ञापत्र जर्मनमध्ये भाषांतर होऊन फाइलीला लागलं. व्हिसाच्या मुलाखतीत मुलीला त्यावरच विचारलं. मी बाहेर बाकावर होते. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय म्हणाले?”

“आईने का केलं, विचारलं.”

“तू काय सांगितलं?”

“घरी मले पाहायला कोणी नव्हतं म्हणून.” पर्समधून पाण्याची बाटली काढत ती म्हणाली, “त्या बाईने लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही.”

व्हिसा लागलेला पासपोर्ट परत आला, तेव्हा मी फोटो पाहिला नाही, तारीख पाहिली. तीन वेळा.

“तिकडे कोणाले मे सांगू नको,” मी म्हणाले. “चुकूनही. मैत्रिणीलेही नाही.”

“आई, आता मे कुठं राहिला?”

राहिला आहे. मुलाने शाळा सोडल्यावर रजिस्टरातली तारीख सहज बदलत नाही. ती ओळ माझ्या कपाटात आहे, माझ्या अक्षरात, आणि किल्ली माझ्याकडे आहे. मी ते पान उघडत नाही.