पूल बांधून राहिले

सरकारी वकील अस्मिता गजभिये यांनी वकिलीच्या कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हाच गावाकडच्या बोलीतलं ‘मले-तुले’ दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवलं. बाहेरगावच्या एका सरांनी भर वर्गात खिल्ली उडवली होती, तो राग. तेव्हापासून त्यांचं मराठी इतकं इस्त्रीचं झालं, की आई, कांताबाई, वैतागून म्हणायची, "घरी तरी कोर्टावानी नको बोलू वं!"

आणि नशीब बघा, मोठा खटला आला तो नेमका एका क्रियापदाचा. खाप्याकडच्या एका नाल्यावर आमदार भैय्याजींनी वाजतगाजत पुलाची फीत कापली. पूल पलीकडच्या काठाला पोचलाच नव्हता. बिल मात्र पोचलं होतं. आदल्या दिवशी भैय्याजी इंजिनिअर मधुसूदनला फोनवर म्हणाले होते, "पूल बांधून राहिले ते. तू बिल काढून टाक, उद्या फीत कापतो." मधुसूदनने ते रेकॉर्ड केलं. भैय्याजींना सगळं ठाऊक होतं, याचा तेवढाच पुरावा. तो पुरावा कोर्टात टिकला नाही, की भैय्याजी मोकळे आणि खापर मधुसूदनच्या डोक्यावर.

बचावाचे केयूर वकील पुण्याचे. ते म्हणाले, "बांधून राहिले, म्हणजे बांधून मोकळे झाले! माझ्या अशिलाला पूल पूर्ण झाला असंच वाटलं." न्यायाधीश कोकणातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी चक्क मान डोलावली. अस्मिताताईंच्या गावी त्याचा अर्थ ‘अजून बांधताहेत’, पण ते इथे पटवणार कोण?

पण भैय्याजींना चार माणसं जमलेली दिसली की राहवत नसे. केयूर नको नको म्हणत असताना, जेवणाच्या सुट्टीनंतर ते स्वतःच साक्षीला उभे राहिले. अस्मिताताई उठल्या आणि त्यांनी गुपचूप जुन्या चपला पायात सरकवल्या.

"भैय्याजी, चेहरा काहून उतरला जी? जेवले का नाही?"

गावाकडचं बोलणं कानावर पडताच भैय्याजी विरघळले. "कुठचं बाई! जेवून राहिलो होतो, तं पुकारा झाला."

"मंग झालं ना जेवण!"

"कसं झालं? आत्ता कुठं भातावर वरण घेतलं होतं! तसाच उठलो."

"म्हणजे जेवून राहिलो म्हणजे जेवण अर्ध्यावरच?"

"हो तं!" भैय्याजी भडकले. "एवढं मराठी समजत नाही का तुमाले?"

केयूर वकिलांनी डोळे मिटले.

"मले समजते जी," अस्मिताताई म्हणाल्या. "केयूर साहेबाले समजून नव्हतं राहिलं."

कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीशांनी ओठ दाबले आणि टंकलेखकाला बजावलं, "शब्द न् शब्द, जसाच्या तसा घ्या." आपलं ‘मले’ सरकारदरबारी उमटताना पाहून अस्मिताताईंना इतका आनंद झाला, की सनद मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी कांताबाईंनी दारातच विचारलं, "मंग? जिंकली का वं?"

अस्मिताताईंनी चपला आतच आणल्या. "जिंकून राहिली, आई."